नेम डोळ्यावर बसला तरी
खेळणी बनवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
भारतातले खेळणी उत्पादक आणि खेळण्यांचे रचनाकार यांस,



मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या माघात आमच्या गावची जत्रा झाली. जत्रा उठल्यावर तिसऱ्या दिवशी सातवीतल्या एका मुलाची आई मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. मुलगा इस्पितळात होता. पाळण्यांच्या मागच्या मोकळ्या जागेत पोरांची लढाई रंगली होती आणि चार-पाच पावलांवरून मित्राने झाडलेला छर्रा त्याच्या उजव्या डोळ्यावर बसला होता. डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात रक्त साचलं होतं. डॉक्टरांनी डोकं उंच ठेवून पडून राहायला सांगितलं होतं. आईने पिशवीतून काळी प्लॅस्टिकची बंदूक काढली, मूठभर पिवळे छर्रे काढले आणि टेबलावर ठेवले. "बाई, एवढ्याशा दाण्यानं असं कसं होतं?"

ती भांडायला आली नव्हती. तिला खरोखर कळून घ्यायचं होतं. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. म्हणून पुढच्या शनिवारी नववीच्या मुलांना घेऊन मी तो प्रश्न सोडवायला बसले.

सराफाकडून काटा आणला. शंभर छर्रे बारा ग्रॅम भरले, म्हणजे एकाचं वजन ०.१२ ग्रॅम. व्यास सहा मिलिमीटर, ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा. भिंतीवर काळं कापड ताणलं, त्यावर दर दहा सेंटिमीटरला खडूची रेघ मारली. सगळ्यांना प्रयोगशाळेतले चष्मे घालायला लावले, बंदूक स्टँडला घट्ट बांधली आणि सेकंदाला २४० चित्रं टिपणारा मोबाइल समोर लावला. एका चित्रापासून पुढच्या चित्रापर्यंत छर्रा साधारण १७ सेंटिमीटर सरकत होता. गुणाकार मुलांनीच केला. सेकंदाला जवळपास ४० मीटर, म्हणजे ताशी १४४ किलोमीटर. कुणीतरी 'बुमराह' म्हणालं आणि मग वर्ग गप्प झाला.

वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. गतिज ऊर्जा आली ०.०९६ ज्यूल. आमचं मोजमाप शाळेचं आहे, त्यात थोडी चूक धरून चाला. पण एवढ्या ऊर्जेची कल्पना यावी म्हणून मी मुलांना दहा रुपयांचं नाणं सव्वा मीटर उंचीवरून तळहातावर टाकायला सांगितलं. ऊर्जा जवळपास तेवढीच. हात झटकण्याचीसुद्धा गरज पडली नाही. मग डोळ्यात रक्त का साचलं? कारण नाण्याची ऊर्जा तळहातावर पसरली आणि छर्ऱ्याची अवघ्या २८ चौरस मिलिमीटरवर एकवटली. प्रति चौरस मीटर हिशेब केला तर हा आकडा ३,४०० ज्यूलच्या आसपास जातो. अमेरिकेतल्या खेळण्यांच्या मानकात ०.०८ ज्यूलहून अधिक ऊर्जेने सुटणाऱ्या वस्तूंसाठी ही मर्यादा २,५०० आहे.

त्या आईला द्यायचं उत्तर मला इथे मिळालं, आणि तेच तुम्हालाही सांगायचं आहे. इजा 'जोराने' होत नाही. जोर कुठे एकवटतो त्यावर ती ठरते. जोर कमी करणं मुलाच्या हातात नसतं, दुकानदाराच्याही नसतं. छर्ऱ्याचा व्यास, त्याचं वजन, स्प्रिंगची ताकद, नळीची लांबी हे सगळं तुमच्या टेबलावर ठरतं. वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट होते, हे तुमच्यापैकी प्रत्येकाला शाळेत शिकवलेलं आहे. 'जास्त लांब जाते' एवढं खोक्यावर छापता यावं म्हणून स्प्रिंग थोडी कडक करताना तो वर्ग आठवायला हवा.

मी बंदी मागत नाही, हे आधीच सांगते. नेमबाजीचा खेळ मुलांकडून काढून घेता येत नाही आणि घेऊही नये. चेंडू अंगावर मारायची आबाधुबी, लगोरी, गलोल, गोफण, बांबूच्या नळीत हिरवी फळं ठासून दट्ट्याने उडवायची बंदूक, हे सगळं खेळूनच आपल्या पिढ्या वाढल्या. अंतराचा अंदाज, हाताची आणि डोळ्याची जोडी, दम धरणं, चुकणं आणि परत मारणं हे सगळं त्यातून येतं. बस्तरमध्ये रथयात्रेच्या वेळी गोंचा सणात माणसं बांबूच्या 'तुपकी'तून मालकांगणीची फळं उडवून रथाला सलामी देतात. त्या खेळाची मला एक गोष्ट फार आवडते. हिरवं फळ लागताक्षणी चेपतं. आघाताचा काही भाग ते स्वतःच गिळतं. काच किंवा लोखंड तसं करत नाही, आणि कडक प्लॅस्टिकचा छर्राही करत नाही. पण जुनं ते सगळं निर्धोक होतं असंही नाही. आपली विटी दोन्ही बाजूंनी निमुळती असते आणि ती उसळते ती नेमकी तोंडाच्या उंचीवर. विटीने गेलेले डोळे आमच्या तालुक्यात आजही सापडतील.

तर मग काय हवं? तुमचं आजवरचं उत्तर खोक्यावर छापलेलं असतं. 'डोळ्यांवर किंवा चेहऱ्यावर नेम धरू नका.' तेही इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. जत्रेत तर खोकंही नसतं, बंदूक दोरीला टांगलेली असते. पण समजा खोकं आहे, अक्षरं मोठी आहेत, मराठीत आहेत. तरी काय होतं, याचा धडा अमेरिकेने फार महागात घेतलेला आहे. तिथे 'लॉन डार्ट' नावाचा खेळ होता. जड टोकाचा, मागे पंख असलेला हातभर बाण हवेत उंच फेकायचा आणि गवतावर ठेवलेल्या कड्यात पाडायचा. १९७० पासून नियम असा की तो खेळण्यांच्या दुकानात विकायचा नाही आणि त्यावर इशारा छापायचा. इशारा होता, पण बाण घराघरात पोहोचले ते पोहोचलेच. १९८८ च्या आधीच्या आठ वर्षांत सुमारे ६,१०० लोकांना त्यापायी इस्पितळाच्या तातडीच्या विभागात जावं लागलं आणि त्यांत बहुतेक मुलं होती. १९८७ मध्ये सात वर्षांची एक मुलगी अंगणात खेळत असताना तो बाण डोक्यात बसून दगावली. तिच्या वडिलांनी पाठपुरावा सोडला नाही. डिसेंबर १९८८ मध्ये अमेरिकेत त्या खेळण्याच्या विक्रीवर बंदी आली. लक्षात घेण्यासारखं हे आहे की त्या बाणाचं टोक फारसं अणकुचीदार नव्हतं. वजनाने घात केला. टोक बोथट केलं की काम झालं असं मानणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट मनाशी ठेवावी. आणि इशाऱ्याने अठरा वर्षं काहीच साधलं नाही, हेही ठेवावं.

मूल नेम धरताना चेहऱ्याकडेच बघतं. समोरच्याचा चेहरा बघितल्याशिवाय लढाई होत नाही. म्हणून माझी पहिली मागणी अशी की 'नेम डोळ्यावर बसणारच' हे गृहीत धरून रचना सुरू करा.

डोळ्याकडे रचनाकाराच्या नजरेने बघा. बुबुळासकट अख्खा गोल साधारण २४ मिलिमीटरचा. तो हाडाच्या खोबणीत बसलेला, आणि त्या खोबणीचं तोंड मोठ्या माणसात साधारण ४० मिलिमीटर रुंद नि ३५ मिलिमीटर उंच. निसर्गाने भोवती कपाळाची, गालाची आणि नाकाची तटबंदी उभारली आहे. मोठी वस्तू आली की ती आधी हाडावर आदळते आणि डोळा वाचतो. लहान वस्तू तटबंदीतून थेट आत शिरते. स्क्वॉशचा चेंडू जवळपास ४० मिलिमीटरचा असतो, रबरी असतो, चेपतो. तरी नेत्रतज्ज्ञ त्याला बिचकतात, कारण तो त्या खोबणीच्या मापाचाच आहे. क्रिकेटचा चेंडू कितीतरी जड आणि टणक, पण तो मोठा असल्याने बहुतेक वेळा हाडावर अडतो. म्हणून सुटणाऱ्या वस्तूचा पुढचा भाग ५० मिलिमीटरपर्यंत नेता आला तर निम्मी लढाई तिथेच जिंकली जाते. मुलांच्या डोळ्याची खोबण लहान असते, त्यामुळे थोडं अधिक संरक्षण आपोआप मिळतं.

इथे तुम्ही म्हणाल की आम्ही फोमच्या गोळ्या वापरतो, त्या मऊ असतात. खरं आहे, आणि ती सुधारणा मोठी आहे. १९६९ मध्ये पार्कर ब्रदर्स कंपनीने फोमचा 'नर्फ' चेंडू आणला तो घरातल्या घरात, काचा न फोडता खेळता यावा म्हणून. कल्पना रेन गायर यांची, 'ट्विस्टर' खेळामागेही तेच होते. पुढे त्याच फोमच्या बंदुका आल्या, लांबट बाण आले, आणि लांब मारा करण्याची चढाओढ सुरू झाली. आम्ही वर्गात हिशेब करून पाहिला. एक ग्रॅमचा फोमचा बाण सेकंदाला २० मीटर वेगाने गेला तर त्याची ऊर्जा ०.२ ज्यूल होते, आमच्या पिवळ्या छर्ऱ्याच्या दुप्पट. त्याचं टोक १३ मिलिमीटरचं असल्याने ती पसरते आणि प्रति चौरस मीटर १,५०० ज्यूलच्या आसपास राहते, म्हणजे मर्यादेत. पण तेरा मिलिमीटर डोळ्याच्या खोबणीत सहज मावतात. लंडनच्या मूरफील्ड्स नेत्र रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये असा मारा डोळ्यावर बसलेले तीन रुग्ण नोंदवले. दोन प्रौढ आणि एक अकरा वर्षांचा मुलगा. तिघांच्याही डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात रक्त साचलं होतं, आमच्या सातवीतल्या मुलासारखंच. मऊपणा पुरत नाही, आकारही लागतो. तीच ०.२ ज्यूल ऊर्जा ४० मिलिमीटरच्या चेंडूवर पसरली तर आकडा १६० वर येतो. हा हिशेब तुमच्या कारखान्यात कुणी केला असेल तर तो चेंडू बाजारात का दिसत नाही, हा माझा प्रश्न आहे.

डोळ्यानंतर तोंड. रबरी चोखणीचे बाण तुम्हाला माहीत आहेत, पुढे वाटीसारखं रबर असलेले. काचेवर चिकटावे म्हणून मुलं ती वाटी ओली करतात, आणि पाणी आणायला कोण जातं? ती तोंडात घालतात. ही सवय जगभरातल्या मुलांची आहे. २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानसाखळीला असे सुमारे १८ लाख संच परत मागवावे लागले, कारण मऊ बाण तोंडात धरलेल्या मुलांच्या घशात अडकले होते आणि मुलं गेली होती. ती रांगणारी बाळं नव्हती, नऊ-दहा वर्षांची शाळकरी मुलं होती. 'तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही' असं छापून हा धोका टळत नाही. युरोपच्या मानकाने आता अशा चोखणीच्या बाणाची लांबी किमान ५७ मिलिमीटर ठरवली आहे, म्हणजे तो पूर्ण आत जाणार नाही. तुम्ही आणखी एक पाऊल पुढे जा. पेनच्या टोपणाला वर भोक का असतं, हे मुलांना विचारलं तर शाई वाळू नये म्हणून असं सांगतात. ते भोक असतं टोपण घशात अडकलं तर श्वास चालू राहावा म्हणून. बाणाच्या आरपार तसंच भोक ठेवायला साच्यात किती पैसे लागतील?

फुंकनळीबद्दल दोनच ओळी. जोरात फुंकण्याआधी माणूस जोरात श्वास आत घेतो. नळी ओठांत असते तेव्हाच. तोंडाकडच्या टोकाला आडवी पट्टी किंवा जाळी नसलेली फुंकनळी कुणीही बनवू नये, विकू नये.

उत्पादकांना लहान क्षेपणास्त्राचा धोका आज कळला असंही नाही. १९७८ मध्ये मॅटेल कंपनीच्या अवकाशयानाच्या खेळण्यातून सुटणारं इवलंसं प्लॅस्टिकचं क्षेपणास्त्र एका लहान मुलाच्या घशात गेलं आणि तो दगावला. पुढच्याच वर्षी केनर कंपनीने 'स्टार वॉर्स'मधल्या बोबा फेटची पाठीवरून रॉकेट सुटणारी बाहुली आणायचं ठरवलं होतं. जाहिराती झाल्या होत्या, मुलं वाट बघत होती. कंपनीने रॉकेट सुटू न देता जागच्या जागी चिकटवून बाहुली पाठवली. मुलांची निराशा झाली असणार, आणि आज त्या न विकलेल्या नमुन्यांना संग्राहक लाखो मोजतात. पण एका धंद्याने आधीच्या मृत्यूकडे पाहून स्वतःची जाहिरात मागे घेतली, हे मला महत्त्वाचं वाटतं. सत्तेचाळीस वर्षं होत आली. आमच्या जत्रेत सहा मिलिमीटरचे छर्रे वाण्याच्या साखरेसारखे मोजून मिळतात.

आता जे मी आजवर कुठे लिहिलं नाही ते लिहिते. १९८८ चा उन्हाळा. रविवारी सकाळी रामायण लागायचं, आळीतल्या एकमेव टीव्हीसमोर आम्ही सगळे बसायचो आणि मालिका संपली की धनुष्यं घेऊन धावायचो. मी अकरा वर्षांची होते. बांबूच्या कामटीचं धनुष्य मी स्वतः वाकवलं होतं आणि खराट्याच्या हिराचे बाण केले होते. मला तेव्हाही कळत होतं की हीर टोचतो. म्हणून मी रस्त्याकडेचं डांबर आणून प्रत्येक बाणाच्या टोकाला त्याची गोळी वळली होती. सुरक्षित बाण! घरात सगळ्यांनी कौतुक केलं. दुपारच्या उन्हात डांबर मऊ पडलं आणि एका बाणाची गोळी कुठेतरी गळून गेली. मी बघितलं नाही. धनुष्य मी पूर्ण कानापर्यंत ओढलं, कारण टीव्हीवर तसंच ओढत होते. माझ्या चुलत भावाचा डावा डोळा गेला. त्याला एसटीचा ड्रायव्हर व्हायचं होतं. आज तो पिठाची गिरणी चालवतो आणि त्याने मला एकदाही बोल लावलेला नाही.

त्या दिवसाकडे शिक्षिका म्हणून बघायला मला फार वर्षं लागली. बघितलं तेव्हा दिसलं की माझ्या रचनेत दोन चुका होत्या आणि त्याच दोन चुका तुमच्या मालात मला आजही दिसतात. पहिली म्हणजे सुरक्षा टोकाला चिकटवलेली होती, बाणात मुरलेली नव्हती. फोमच्या बाणाचं रबरी टोक चिकटवलेलं असतं. ते निघालं, किंवा मुलाने दाताने ओढून काढलं, की आत काय उरतं ते एकदा बघा. कित्येकदा कडक नळी उरते. आणि तुमची चाचणी कुठल्या तापमानाला होते? वातानुकूलित प्रयोगशाळेत नवाकोरा बाण मऊच असणार. तो बाण विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली दोन महिने ठेवा, पावसाळ्यात दोन महिने ठेवा, आणि मग दाबून बघा. स्वस्त फोम उन्हाने कडक होतो आणि त्याचे तुकडे पडतात, गोंद सुटतो. खेळणं आमच्याकडे एक दिवाळी टिकून फेकलं जात नाही. ते थोरल्याकडून धाकट्याकडे, धाकट्याकडून मावशीच्या मुलाकडे जातं. तुमच्या बाणाने या प्रवासाच्या शेवटीही मऊ राहायला हवं. सगळा बाण एकाच मऊ वस्तूचा असला आणि टोक वेगळं नसलंच, तर गळून पडणार काय?

दुसरी चूक ओढण्याची. धनुष्य दुप्पट ओढलं की त्यात साठणारी ऊर्जा जवळपास चौपट होते. सहा वर्षांचं मूल आणि बारा वर्षांचं मूल एकच धनुष्य ओढतात, पण निघणारा बाण एकच नसतो. दोरी एका ठरावीक अंतरावर अडलीच पाहिजे, असा अडथळा धनुष्यात घालता येतो. गलोलीतही येतो.

नळी दिसली की मूल त्यात काय काय मावतं ते बघतं. हा खोडसाळपणा नाही, हे कुतूहल आहे, आणि त्याच कुतूहलावर माझा विषय उभा आहे. फोमच्या बंदुकीत पेन्सिल मावते, आगकाडी मावते, बाणात टाचणी खुपसता येते. बाहेरच्या वस्तू उडवू न देणारी यंत्रणा असावी, हे तत्त्व परदेशी मानकांत लिहिलेलं आहे. पण कागदावरचं तत्त्व आणि हातातलं खेळणं यांत फरक राहतो. नळीऐवजी बाणच पोकळ ठेवून तो खुंटीवर चढवला, तर पेन्सिल चढणार नाही. हवेच्या पंपाने उडणारी कागदी रॉकेटं मुलं अशीच उडवतात. अरविंद गुप्तांनी पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत कागद, स्ट्रॉ आणि टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी करून दाखवली. ती पाहिलेल्या कुणालाही 'सुरक्षित म्हणजे महाग' हे पटणार नाही.

महागाईचा मुद्दा मी हलका घेत नाही. २०२० साली सरकारने खेळण्यांवरची आयात जकात २० वरून ६० टक्के केली, २०२३ मध्ये ती ७० टक्के झाली. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं आणि यांत्रिक सुरक्षेसाठी आयएस ९८७३ हे मानक लागू आहे. आंतरराष्ट्रीय मानकाशी ते जुळवलेलं आहे. हे सगळं तुमच्या फायद्याचं झालं. देशातली बाजारपेठ तुमच्याकडे आली. तेव्हा तिच्याबरोबर आमची मुलंही तुमच्याकडे आली, असं मी समजते. पण शहरातल्या मॉलमध्ये चिन्ह असलेलं खोकं मिळतं आणि आमच्या जत्रेत विनाचिन्हाची पिशवी. काही खोक्यांवर '१४+' छापलेलं असतं आणि चित्रात मात्र आठ वर्षांचा मुलगा हसत असतो. हे छापणाऱ्याला कायदा नीट कळलेला आहे, एवढंच त्यातून कळतं. असं करणारे तुमच्यातलेच आहेत, तुम्ही त्यांना ओळखता. तुमच्या संघटनांनी त्यांना जाब विचारला तर तो सरकारी छाप्याहून लवकर पोहोचेल.

पन्नास रुपयांत बसेल असा सुरक्षित बाण ही खरी रचनेची परीक्षा आहे. आपल्याकडे वस्तूंची वाण नाही. बाशिंगं ज्याची करतात ते भेंड पिसासारखं हलकं असतं. चिंध्यांचा चेंडू आहे, सावरीचा कापूस आहे, लगदा आहे. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांच्या कारागिरांना हातात कोपरा लागू नये म्हणून कडा कशा घासायच्या हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. मानकात कडक टोकाची गोलाई किमान दोन मिलिमीटर लिहिली आहे, ती त्यांच्या अंगठ्याला कळते. त्यांना बोलवा. आणि एखादी रचना साधली तर ती झाकून ठेवू नका. पत्र्याच्या शेडमध्ये साचा चालवणाऱ्या लहान उत्पादकालाही ती वापरू द्या, कारण जत्रेत तुमचा माल येत नाही, त्याचाच येतो.

आई-वडील हे पत्र वाचत असतील तर त्यांना इतकंच. डोळ्याला मार लागला तर चोळू नका, दाबू नका, त्यात मध, दूध, धन्याचं पाणी काही घालू नका. वरून कागदी कप धरून तसंच नेत्रतज्ज्ञाकडे न्या, दुखणं थांबलं तरी न्या.

आणि तुम्हाला विनंती. नवा बाण, नवी गोळी, नवा चेंडू बाजारात आणण्याआधी मानकाची चाचणी तर कराच, पण त्याचा नमुना नऊ ते बारा वर्षांच्या दहा मुलांच्या हाती देऊन, नियम न सांगता, त्यांना चष्मे घालायला लावून, लांबून एक दुपार बघा. ती त्यात काय कोंबतात, काय तोंडात घालतात, कुठे नेम धरतात ते लिहून घ्या. आमच्या शाळेची प्रयोगशाळा दर शनिवारी दुपारी उघडी असते. काटा आहे, काळं कापड आहे, मोबाइल आहे, आणि भागाकार करायला नववीची पन्नास मुलं आहेत. नमुना पाठवा, आम्ही विनामूल्य मोजून देऊ आणि आलेला आकडा तुम्हालाच आधी कळवू.

सातवीतल्या त्या मुलाची नजर परत आली आहे. मात्र माराने डोळ्यातला पाण्याचा निचरा बिघडला असल्याने काचबिंदूची भीती जन्मभर राहील, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे, आणि दरवर्षी दाब तपासायचा आहे. येत्या माघात त्याची पहिली तपासणी आहे. त्याच आठवड्यात जत्राही आहे.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका
जि. सातारा